भाऊ एकाएकी शांत झाला आहे, याचा अर्थ काय घ्यावा?

वाचकाचे पत्र :

माझे माहेर निफाड तालुक्यात आहे आणि लग्नानंतर मी नाशिकला असते. धाकट्या भावाची अडीच एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात अवकाळीने मणी तडकले, जो माल वाचला तो घेणारा व्यापारी पैसे न देताच निघून गेला, आणि सोसायटीचे कर्ज थकले. यंदा छाटणीचे दिवस आले तरी भाऊ बागेकडे फिरकला नाही. रात्ररात्र ओट्यावर बसून असतो, फोन उचलत नाही, पूर्वी सणावारी घ्यायचा ती दारू आता रोजची झाली आहे. ‘माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही,’ असे दोनदा म्हणाला. नंतर विम्याचे कागद आणि पासबुक भावजयीच्या हवाली करून कोठे काय ठेवले आहे ते समजावून सांगितले. गेल्या आठवड्यापासून मात्र तो एकदम शांत आहे. नीट जेवतो, हसतो. परवा न कळवता आमच्याकडे येऊन गेला आणि स्वतःचे घड्याळ माझ्या मुलाला देऊन गेला. आई म्हणते, ‘आला रुळावर, आता एकदा त्र्यंबकला विधी करून घेऊ.’ चार वर्षांपूर्वी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. गावात आम्ही ‘पोटाचा त्रास’ असे सांगितले आणि त्यावर घरात पुन्हा कोणी बोलले नाही. त्याला सरळ विचारावे तर नको तो विचार आपणच त्याच्या डोक्यात घालू, अशी धास्ती वाटते. मी उगाच घाबरते आहे का?

— एक बहीण, नाशिक

उत्तर :

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी आपण फोनवर बोललो आणि पहिल्या रात्रीची व्यवस्था ठरवली. ओळख पटेल असे तपशील बदलून पत्र छापण्यास तुम्ही संमती दिलीत, कारण निफाड-दिंडोरीच्या मळ्यांपासून सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांपर्यंत हीच शंका मनात घेऊन बसलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आणि फोनवर जे घाईत राहून गेले त्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

तुम्ही कळवलेल्या गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर प्रत्येकीला साधे कारण सापडते. झोप नाही, कारण डोक्यावर कर्ज आहे; बागेत जात नाही, कारण हातात भांडवल नाही; कागद दिले, कारण माणूस व्यवस्थित आहे; घड्याळ दिले, कारण भाच्यावर जीव आहे. घरची माणसे अशीच एकेका गोष्टीची समजूत घालत जातात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण ज्याच्यावर माया आहे त्याच्याविषयी वाईट शंका मनात आणणे कोणालाच सोसत नाही. परंतु या सगळ्या गोष्टी काही आठवड्यांच्या आत एकामागून एक घडल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच्या मूळ स्वभावाला सोडून आहेत, आणि त्यांच्या मागे चार वर्षांपूर्वीचा प्रयत्न उभा आहे. त्यामुळे त्या एकत्र ठेवूनच वाचायला हव्यात, आणि तशा वाचल्या तर त्यांचा अर्थ गंभीर आहे.

येथे दोन गोष्टींत फरक करणे उपयोगाचे आहे. पहिली म्हणजे जोखीम, जी माणसाच्या आयुष्यात वर्षानुवर्षे असू शकते. आधी कधी तरी केलेला प्रयत्न हा तिच्यातला सर्वांत वजनदार भाग आहे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ‘एकदा वाचला, आता पुन्हा तसे करणार नाही’ हा समज त्यामुळेच धोक्याचा ठरतो. नैराश्य किंवा दुसरा एखादा मानसिक आजार, दारूचे व्यसन, न संपणारे दुखणे, जवळच्या नात्यात पूर्वी झालेली आत्महत्या, घरातली मारहाण, एकटेपणा, पैशाचे मोठे नुकसान आणि त्यासोबत आलेला चारचौघांतला अपमान या जोखमीच्या बाकीच्या बाजू आहेत. यांतले बरेच काही सोसूनही असंख्य माणसे जगण्यावरची पकड सोडत नाहीत, म्हणून केवळ जोखमीवरून कोणाविषयी भाकीत करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धोक्याच्या खुणा. त्या आजच्या असतात, नव्याने उमटलेल्या असतात, आणि त्या दिसल्यावर थांबून चालत नाही. मरणाविषयीचे बोलणे, आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना, यातून सुटका नाही असे सतत वाटणे, निरवानिरव, न बोलता घेतलेला निरोप, माणसे टाळणे, झोपेची पार घडी विस्कटणे, वाढलेली दारू, एरवी सौम्य असलेल्या माणसाची कारणाविना चिडचिड किंवा जिवावर उदार होऊन गाडी चालवणे, या त्या खुणा. तुमच्या भावाकडे जोखीमही आहे आणि खुणाही आहेत. तुमची भीती खरी मानण्याचे कारण हेच आहे.

आता त्या शांतपणाविषयी लिहिते, कारण सगळे घर त्याच एका गोष्टीवर निर्धास्त झाले आहे. बरे होणारा माणूस सहसा हळूहळू बरा होतो. एक रात्र झोप लागते, दुसऱ्या रात्री नाही, एखाद्या दिवशी तो बागेत चक्कर मारतो, पुन्हा दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. त्याच्या सुधारण्याला काही कारणही दिसते, म्हणजे औषध सुरू झालेले असते, कर्जाचा काही मार्ग निघालेला असतो किंवा मनातले कोणाजवळ तरी बोलून झालेले असते. तुमच्या भावाच्या बाबतीत यांतले काहीही घडलेले नाही. कर्ज तेथेच आहे, व्यापारी सापडलेला नाही, डॉक्टरांकडे कोणी गेलेले नाही, आणि तरीही महिनाभराची तगमग एका आठवड्यात निवली आहे. मनात चाललेला झगडा संपून काही एक ठरले की माणसाच्या चेहऱ्यावर अशी शांतता येऊ शकते. प्रत्येक वेळी तसेच असेल असे मी म्हणणार नाही, आणि तुमच्या भावाचे तसे नसावे अशी मनापासून इच्छा आहे. परंतु कागदपत्रे सोपवून झाल्यानंतर आणि घड्याळ देण्याच्या सुमारास आलेला हा शांतपणा सुधारणेचे लक्षण म्हणून स्वीकारणे मला मान्य नाही.

तुमचा दुसरा प्रश्न विचारण्याविषयी आहे. सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. या विषयावर झालेल्या अभ्यासांत असे आढळलेले नाही, आणि ज्यांच्या मनात तो विचार आधीपासून घर करून असतो त्यांच्या अनुभवाला तर विचारणारे कोणी भेटले याचाच मोठा आधार येतो. मात्र कसे विचारतो याला महत्त्व आहे. ‘तू असलं काही मनात आणत नाहीस ना रे?’ या प्रश्नात ‘नाही’ हेच उत्तर आपण त्याच्या तोंडी देऊन ठेवतो आणि तोही आपली भीती ओळखून तेच उत्तर देतो. त्याऐवजी त्याने दारू घेतलेली नसेल अशा वेळी, आई आणि मुले समोर नसताना, बांधावरून चालता चालता किंवा गोठ्यात हाताला काही काम असताना त्याच्याशी बोला. आपण काय पाहिले ते आधी सांगा आणि मग नाव घेऊन विचारा : ‘तू झोपत नाहीस, कागद हवाली केलेस, माझ्यावाचून अडत नाही म्हणालास, मला त्याचा फार घोर लागलाय. जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?’ एवढे विचारून गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, आणि तो वेळ आपल्या बोलण्याने भरून काढण्याचा मोह आवरा.

तो ‘हो’ म्हणाला तर काय करायचे, याची तयारी मनात आधी करून जा. रागवू नका, ‘पोरांकडे तरी बघ’ असे म्हणू नका, स्वतःची शपथ घालू नका. मुलांचा विचार त्याने हजार वेळा केलेला असतो, आणि आपल्याशिवाय त्यांचे बरे चालेल अशा निष्कर्षापर्यंत त्याचे थकलेले मन येऊन पोहोचलेले असते. त्या वेळी मुलांची आठवण करून देणे त्याला आणखी एक आरोप वाटतो. ‘मला सांगितलंस हे बरं केलंस, आता हे तुझ्या एकट्याकडे नाही,’ एवढे म्हणणे पुरे. मग कसे आणि कधी हे ठरवले आहे का, त्यासाठी काही जवळ ठेवले आहे का, हेही विचारा. विचार जितका नेमका, तितका धोका जवळचा. ठरवलेले आहे असे कळले तर त्या क्षणापासून त्याला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘कोणाला सांगू नकोस’ असे त्याने म्हटले तरी तसे वचन देऊ नका. तुझ्या जिवापुढे मी गुपित ठेवणार नाही, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तरीही पुढे लिहिलेली सर्व व्यवस्था करा.

पहिले काम घर आणि मळा सुरक्षित करण्याचे आहे, आणि ते डॉक्टरांची वेळ मिळण्याचीही वाट न पाहता करायचे आहे. फवारणीची सर्व औषधे, उरलेल्या अर्धवट बाटल्यांसह, तेथून हलवून विश्वासातल्या दुसऱ्या घरी कुलपात ठेवा आणि किल्ली त्याच्या हाती लागणार नाही असे पाहा. बागेला फवारणी लागेल तेव्हा दुसऱ्या कोणी तरी लागेल तेवढेच आणावे आणि फवारून संपवावे. घरातल्या गोळ्यांच्या बाबतीतही तसेच. अनेकांना हा उपाय वरवरचा वाटतो. ‘ज्याला करायचं तो काहीही करील’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि या एका वाक्याने फार नुकसान केले आहे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा काही काळाने ओसरते. त्या काळात हाताशी साधन नसेल तर माणूस तो प्रसंग पार करतो, आणि अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि पुढच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. त्या देशातली दुःखे काही त्या काळात एवढी घटली नव्हती. घातक साधन हाताशी असणे मात्र कमी झाले होते.

दुसरे काम डॉक्टरांचे. नाशिकला त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा खर्च झेपणार नसेल तर तेथे जा. गावातून निघण्याआधीच कोणाशी तरी बोलायचे असेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तुमचा भाऊ फोन करणार नाही असे वाटत असेल तर तुम्ही स्वतः करा. काळजीत असलेल्या नातेवाइकानेही तेथे विचारायला हरकत नाही. त्याने स्वतःला काही इजा केली आहे अशी नुसती शंका आली, तरी घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा ११२ ला फोन करा.

डॉक्टरांना सर्व काही सांगा, आणि त्यात चार वर्षांपूर्वीचा प्रसंग सगळ्यांत आधी सांगा. ‘पोटाचा त्रास’ ही तेव्हाची सबब गावासाठी होती, ती डॉक्टरांच्या खोलीत नेऊ नका. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे हे लपवतात, म्हणून कायदा काय आहे ते सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला त्यासाठी शिक्षा होत नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतले, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे कलम ३०९ उरलेलेच नाही. सरकारी कामात दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे. रुग्णालय नोंद करील, पोलीस दोन प्रश्न विचारतीलही, पण त्या भयाने उपचार लांबवू नका.

दारूविषयी एक सावधगिरी. दारूने संयम सुटतो आणि विचाराचे कृतीत रूपांतर होण्यातला अडसर निघून जातो, म्हणून ती थांबणे आवश्यक आहे. परंतु रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी, बाटली फोडून एका रात्रीत बंद करू नका. त्यामुळे झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. किती आणि कधीपासून पितो हे डॉक्टरांना सांगा, ते कसे सोडवायचे ते ठरवतील. तसेच नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. सुरुवातीच्या दिवसांत अंगात थोडे बळ परत येते पण मन अजून सावरलेले नसते, आणि म्हणून ‘गोळ्या सुरू झाल्या’ या समाधानावर घराने पहारा सैल करू नये. गोळ्यांचे पाकीट भावजयीकडे असावे.

आईंच्या इच्छेबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे. त्र्यंबकेश्वरच्या विधीला माझा विरोध नाही. मुलगा हातचा जाईल या भीतीने जी आई देवापुढे उभी राहते, तिला त्यातून जो धीर मिळतो तो हिरावून घेण्याचे काही कारण नाही. परंतु मुहूर्त पाहायचा, गुरुजींची वेळ घ्यायची, पैसे जमवायचे, आणि नारायण-नागबळीसारखा विधी असेल तर तीन दिवस काढायचे, यात पंधरवडा सहज जातो, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत हा पंधरवडाच मोलाचा आहे. तेव्हा डॉक्टर या आठवड्यात आणि विधी नंतर, असा क्रम आईंना समजावून सांगा. चार वर्षांपूर्वी जे दडवले ते आता त्यांच्याशी बोलावे लागेल. ते कठीण आहे, पण सगळा भार भावजयीवर एकटीवर पडू नये यासाठी तेवढा एक माणूस घरात जाणता हवा.

या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांना एक विनंती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या आणि तो सर्व राज्यांत सर्वाधिक आकडा होता. दर दहांत सात पुरुष होते. आपण बातमीत ‘कर्जाला कंटाळून’, ‘परीक्षेच्या ताणामुळे’ असे एका ओळीत कारण वाचतो आणि ज्याच्यावर कर्ज नाही त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात एकच कारण क्वचितच असते. कॉलेज रोडच्या क्लासला जाणारी मुलगी एकाएकी मैत्रिणींपासून तुटते, आजारी जोडीदार गेल्यानंतर एकटे राहिलेले आजोबा जेवणच सोडतात, बाळंतपणानंतर एखादी सून ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असे पुटपुटते. या प्रत्येक ठिकाणी तोच सरळ प्रश्न विचारायला हवा, आणि शेतकऱ्याच्या घरीच तो विचारायचा असतो असे समजू नये.

कर्जाचेही बोलायला हवे, कारण मन आणि पैसा या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र गुंतल्या आहेत. तुमच्या यजमानांनी किंवा एखाद्या जाणत्या चुलत्याने सोसायटीच्या सचिवांकडे जाऊन थकबाकीचा खरा आकडा आणि पुनर्गठनाची शक्यता विचारावी, व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार पोलिसांत नोंदवावी, आणि वसुलीचे फोन काही दिवस त्याच्याऐवजी दुसऱ्याने घ्यावेत. सगळे फिटेल असे खोटे आश्वासन देऊ नका. पुढची एक पायरी कोणती, तेवढे त्याला सांगा. छाटणी उशिरा झाली तरी करता येण्यासारखी असेल तर शेजारच्या मळेकऱ्यांना हाक मारा, आणि या वर्षी बाग धरता आली नाही तर ती सोडून देण्याची मुभाही त्याला घरातूनच मिळू द्या.

हे सगळे तुम्ही एकटीने करू नका. रात्रीच्या सोबतीच्या पाळ्या भाऊबंदांत वाटून घ्या आणि तुमची स्वतःची झोप सांभाळा. काही आठवड्यांनी तो खरोखर सुधारेल तेव्हा गोळ्या बंद करण्याचा आग्रह घरातून सुरू होईल. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. दवाखान्यात दाखल होऊन घरी परतला, तर त्यानंतरचे पहिले काही आठवडे पुन्हा अधिक जपण्याचे असतात. आठवड्यातून ठरल्या दिवशी त्याला फोन करा, काही काम नसतानाही करा, आणि मार्चअखेरच्या वसुलीच्या दिवसांत तुमच्यापैकी कोणी तरी त्याच्या घरी मुक्कामाला असेल अशी सोय आतापासून करून ठेवा.